कंसातली एक मोकळी जागा

चि. सोनूस,

टिडलीविकीत पुस्तकांच्या नोंदी ठेवायला लागलीस, छान केलंस. जेरेमी रस्टननं २००४ साली हे साधन काढलं, तेव्हापासून सगळी वही एकाच एचटीएमएल फाइलीत मावते. पण नोंदी वाढल्या की त्यातून नेमकं हवं ते काढता आलं पाहिजे, आणि तिथेच तुझं घोडं अडलंय. न वाचलेली पुस्तकं मागितलीस, तर यादीत किराणासुद्धा आला म्हणतेस. तू लिहिलेला फिल्टर, म्हणजे नोंदी चाळणारा प्रश्न, असा (टॅग वगैरे शब्द टाइप करताना इंग्रजी अक्षरांतच करायचे, इथे मी देवनागरीत लिहितोय):

[टॅग[पुस्तक]] [!टॅग[वाचलं]]

घोळ मधल्या मोकळ्या जागेत नाही, बाहेरचा कंस तू मध्येच बंद केलास त्यात आहे. त्यामुळे हे दोन वेगळे प्रश्न झाले: सगळी पुस्तकं दे, आणि ‘वाचलं’ हा टॅग नसलेलं जे काही असेल तेही दे. किराणाला तो टॅग नाहीच, म्हणून तो आला. विकीच्या स्वतःच्या अंतर्गत नोंदीही आल्या असतील. तुला हवं होतं ते हे:

[टॅग[पुस्तक]!टॅग[वाचलं]]

एका कंसातल्या पायऱ्या चाळण्यांसारख्या एकाखाली एक असतात. वरच्या चाळणीतून जे उतरतं, तेवढंच खालची बघते. स्वतंत्र कंसांचे निकाल मात्र एकत्र होतात, आणि एकच नोंद दोन्हींत आली तरी यादीत एकदाच दिसते. पुस्तकं आणि मासिकं दोन्ही घेऊन त्यांतली न वाचलेली हवी असतील, तर असं लिही:

[टॅग[पुस्तक]] [टॅग[मासिक]] +[!टॅग[वाचलं]]

इथल्या अधिक चिन्हाला बेरीज समजू नकोस. आतापर्यंत जमलेलं सगळं या कंसात घाल, असा त्याचा अर्थ.

लांबलचक फिल्टर एका दमात लिहू नकोस. ‘ॲडव्हान्स्ड सर्च’मध्ये फिल्टरचा टॅब आहे. तिथे आधी फक्त पुस्तकं माग, यादी बघ. मग ‘वाचलं’ वगळ, पुन्हा बघ. मग जुनं पुस्तक आधी यावं म्हणून ‘एनसॉर्ट[वर्ष]’ जोड आणि शेवटी ‘लिमिट[५]’. प्रत्येक पायरीला काय गळलं ते डोळ्यांनी बघायचं. कारण हे यंत्र प्रत्येक चूक दाखवत नाही. ‘टॅग’चं स्पेलिंग चुकलं, तर त्या नावाचा रकाना शोधतं आणि मुकाट्यानं रिकामी यादी देतं. रिकामी यादी निदान लक्षात तरी येते. नकाराची चूक जास्त वाईट: नोंदीत ‘वाचलं’ आणि फिल्टरमध्ये ‘वाचले’ लिहिलंस, तर एकही पुस्तक गळत नाही आणि यादी भरगच्च, खरी वाटते.

आकडे मात्र, वर्षाचे असोत की लिमिटचे, विकीत इंग्रजीतच लिही. देवनागरी आकड्यांना ती संख्या मानत नाही, मग क्रमावर भरवसा कसा ठेवणार?

लोकांनी लिहिलेले फिल्टर जरूर उचल, पण प्रत्येक पायरी काय करते हे मराठीत सांगता येईपर्यंत त्यावर विसंबू नकोस. या आठवड्यात न वाचलेल्या पुस्तकांपैकी सर्वांत जुनी पाच काढ आणि मला कळव. यादी नको, फिल्टर पाठव.

तुझा
काका