न गळलेल्या घराचे फळ

काहीच घडले नाही, हीच एखादे काम नीट झाल्याची खूण असेल, तर त्या कामाचे मोल कशावर ठरवायचे? कोकणातल्या घराची आगोटीची डागडुजी, म्हणजे शाकारणी, हे असे काम आहे. मृग निघण्याआधी छपरावर चढून कौले परतायची, फुटकी काढून नवी बसवायची, कुजलेली रीप आणि पोखरलेला वासा बदलायचा, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा, घरावर झुकलेली फांदी तोडायची. झडीच्या बाजूच्या पडवीला झावळ्यांचे झाप, आणि आता बहुधा प्लास्टिकचे कापड, बांधायचे. परसातले पाणी पायाशी न थांबता व्हाळाकडे जाईल असा चर मोकळा करायचा. एवढे सगळे केल्यावर घर दिसते ते पूर्वी होते तसेच. पुढच्या चार महिन्यांत सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, भिंती कोरड्या राहतात, आणि पुढच्या वैशाखात तेच काम पुन्हा समोर येते. नव्या घराची वास्तुशांत होते. देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्याचे नाव शिळेवर कोरतात. शाकारणीच्या वाट्याला यातले काही येत नाही. तरीही आपल्या विचारपरंपरेत तिला मानाची जागा आहे, असे माझे म्हणणे आहे. वेदविधींचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसेने ‘नित्यकर्म’ म्हणून जे वेगळे काढले, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

मीमांसक कर्माचे तीन प्रकार करतात. काही हवे म्हणून करायचे ते काम्य, काही निमित्त घडले म्हणून करायचे ते नैमित्तिक, जसे ग्रहणाचे स्नान. आणि संध्या किंवा अग्निहोत्रासारखे, निमित्ताची वा इच्छेची वाट न पाहता करत राहायचे ते नित्य. नित्यकर्माने स्वर्ग मिळत नाही, पण ते टाळले तर प्रत्यवाय लागतो, म्हणजे दोष येतो. मीमांसक प्रभाकराच्या अनुयायांनी तर विधी आहे एवढेच कारण पुरेसे मानले, फळाचा प्रश्नच बाजूला ठेवला. घराच्या कामांचीही अशीच वाटणी करता येते. लग्नाआधी रंग काढणे किंवा माडी चढवणे काम्य, वादळाने उडालेले छप्पर पुन्हा घालणे नैमित्तिक, आणि दरसालची शाकारणी नित्य. यावर कोणी म्हणेल की वेदविहित कर्म कुठे आणि कौले परतणे कुठे. विधीचा अधिकार श्रुतीतून येतो, पावसातून नव्हे. ते खरेच आहे, आणि शाकारणी वेदाने सांगितली असा माझा दावा नाही. परंतु मीमांसकांनी कर्तव्याचा जो आकार दाखवला तो यज्ञशाळेबाहेरही सापडतो. इथे विधीच्या जागी हवामान आहे, आणि त्या छपराखाली झोपणारी माणसे.

या कल्पनेवरचा सर्वांत धारदार आक्षेप शंकराचार्यांचा. गीताभाष्यात ते विचारतात: न करणे म्हणजे अभाव, मग अभावातून दोषासारखी भावरूप गोष्ट जन्मेल कशी? तर्क म्हणून याला तोड नाही. म्हणूनच तो घरावर लावून पाहावा. शाकारणी न झालेल्या घराची भिंत पडते ती ‘न करण्या’ने पडत नाही. कौल सरकलेले असते, किंवा वानरांच्या उड्यांनी फुटलेले असते. फटीतून आलेले पाणी वाशाच्या टोकात मुरते, ओल्या लाकडाला बुरशी धरते, आणि जमिनीतून मातीच्या नळ्या चढवत वाळवी तिथवर पोचते. मातीच्या भिंतीचा पाया भिजला की ती स्वतःच्या भाराने बसते. ही सगळी भावरूप कारणे आहेत आणि अहोरात्र चालू आहेत. माणूस दरवर्षी त्यांच्या आड उभा राहतो, इतकेच. तो बाजूला झाला की नवे काही उत्पन्न होत नाही, जे चालूच होते त्याला वाट मिळते. म्हणजे शंकराचार्यांचा तर्क अबाधित राहतो आणि प्रत्यवायही खरा ठरतो. तैत्तिरीयोपनिषदाच्या भाष्यात ते स्वतः नित्यकर्म न करण्याला दोषाचे कारण न मानता आधीच साचलेल्या दुरिताचे लक्षण मानतात. गळणाऱ्या छपराकडे पाहिले की ही मांडणी मला फार पटते. आपण काही केले नाही तर जग होते तसे राहील, हा समज मात्र इथे टिकत नाही. दमट किनाऱ्यावर अशी स्थिर अवस्था एक दिवससुद्धा नसते, आणि म्हणून हात बांधून बसण्याला तटस्थपणा म्हणता येत नाही.

आधुनिक आक्षेप असा, की हे सगळे कच्च्या घरांचे तत्त्वज्ञान आहे. पक्के बांधा, म्हणजे नित्यकर्म संपले. ही आशा जुनी आहे. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. कुंभाराच्या हातची नळीची कौले वाऱ्याने आणि मांजरांनी सरकत. कारखान्याची कौले एकमेकांत अडकून बसत. त्यामुळे दरसालचे काम खूपच हलके झाले, पण संपले नाही. मग स्लॅब आला. खाऱ्या हवेत काँक्रीटमधून क्षार आत शिरतात, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून आतूनच दाब येऊन खालचा थर सुटतो. आज कोकणात आणि मुंबईत असंख्य स्लॅबांवर पत्र्याची छपरे उभी आहेत, आणि त्या पत्र्यांचे खिळे व हूक दर मे महिन्यात तपासावे लागतात. पक्केपणाने कामाचे स्वरूप आणि अंतर बदलते, एवढे श्रेय त्याला जरूर द्यावे. मुंबई महापालिकेच्या कायद्याने तर ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक केली आहे. काँक्रीटलाही नित्यकर्म असते, हे कायद्याने मान्य केल्यासारखेच आहे.

याहून जड आक्षेप वादळाचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे आणि कौले उडाली. वाऱ्याने शाकारलेले घर आणि न शाकारलेले घर असा भेद केला नाही. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर वर सरकले. मग वर्षानुवर्षे केलेल्या कामाचे काय झाले? हिशेब फळावर मांडला तर उत्तर ‘वाया गेले’ असेच येईल. मीमांसेत मात्र याला एक उत्तर आहे, आणि त्या शास्त्रातले सर्वांत मायाळू असे काही मला विचारले तर मी हेच सांगेन. काम्यकर्मात प्रत्येक अंग यथासांग व्हावे लागते, एक चुकले तर फळ नाही. नित्यकर्मात मात्र यथाशक्ति केलेले पुरते. काही अंगे साधली नाहीत तरी मुख्य गोष्ट केली की कर्तव्य पुरे होते. याचा अर्थ असा, की ज्याला नवी कौले परवडत नाहीत आणि जो निळी ताडपत्री ओढून तिच्यावर दगड आणि जुने टायर ठेवतो, त्याचे नित्यकर्म सागवानी वासे बदलणाऱ्याइतकेच पूर्ण आहे. वादळाने ते उडवले म्हणून ते उणे होत नाही. त्यानंतर सुरू होते ते नैमित्तिक, आणि ते एकट्या घरधन्याचे नसते, गावाचे आणि शासनाचेही असते.

विरक्तीचा आक्षेप, म्हणजे सगळे अनित्यच असेल तर डागडुजी कशाला, हा मला तितका जड वाटत नाही. सगळे अनित्य असे शिकवणाऱ्या बौद्ध संघाच्या विनयात निवासांच्या डागडुजीचे तपशीलवार नियम आहेत, आणि वर्षावासासाठी भिक्षू जिथे राहत त्या कान्हेरीच्या डोंगरात पाणी टाक्यांकडे नेणारे चर आजही दिसतात. मला अस्वस्थ करतो तो वेगळा प्रश्न. ‘फळाची अपेक्षा नको’ हे वाक्य छपरावर चढलेल्या मजुराला आणि जमीन सारवणाऱ्या बाईला ऐकवले गेले, तर तत्त्वज्ञान शोषणाचे हत्यार होईल. मीमांसेत कर्माला अधिकारी लागतो. ज्याचे कर्तव्य, निष्काम राहायचे ते त्याने. घराची शाकारणी घरधन्याचे नित्यकर्म आहे, मजुराचे नव्हे. मजुराचे फळ त्याची मजुरी, आणि ती पूर्ण व वेळेवर मिळालीच पाहिजे. घरातल्या घरात हे काम एकाच व्यक्तीवर टाकले जात असेल, तर बाकीच्यांनी आपला अधिकार सोडून दिला आहे. मुंबईच्या जुन्या चाळींत तो अधिकारच हरवला. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी गोठली; मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला घर आपले वाटेना. शेवटी १९६९ च्या कायद्याने उपकर लावून दुरुस्तीचे मंडळ काढावे लागले, आणि आजही म्हाडा दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. ती यादी गरजेची आहे, पण ती कर्तव्य पार पाडत नाही, कोणाचे कर्तव्य राहून गेले तेवढे दाखवते. भाडे किंवा पागडी घेणाऱ्याकडे खर्चाचा अधिकार, राहणाऱ्याकडे पाहण्याचा आणि वेळेत बोलण्याचा, आणि मंडळाकडे दोघांना भाग पाडण्याचा, अशी वाटणी करारातच लिहिलेली असावी. प्रत्यवाय कोणाला लागणार हे त्या कागदावरून मे महिन्यातच कळायला हवे.