दात्याची लाज

ज्याने अद्याप काहीच करून दाखविलेले नाही, ज्याच्या नावावर एखादी कृती नाही, पदवी नाही, की ज्याच्यासाठी शब्द टाकणारा कोणी वजनदार शिफारसदारही नाही, अशा तरुणाने ‘मला एक लघुपट करावयाचा आहे, थोडे द्रव्य हवे, आणि चूक कोठे होते ते सांगणारा एखादा जाणता माणूस हवा’ अशी मागणी केली, तर ती पुरी करणारा मनुष्य नेमके कोणते कर्म करीत असतो, हा प्रश्न वरवर पाहता अर्थकारणाचा वाटेल, परंतु माझ्या मते तो मुळात धर्मविचाराचा प्रश्न आहे. त्या कर्माला दान म्हणावे, तर घेणारा याचक ठरतो. कर्ज म्हणावे, तर ज्याला बाजारभाव नाही अशा दहा-पंधरा मिनिटांच्या चित्रावर व्याज कोणत्या दराने आकारावे हे कोणालाच सांगता येणार नाही. उपकार म्हणावा, तर तो जन्मभर स्मरणात ठेवण्याचे ओझे घेणाऱ्याच्या माथी येते, आणि ज्याने मोकळ्या दृष्टीने जग पाहावे म्हणून साहाय्य करावयाचे, त्याचीच दृष्टी दात्याच्या मुद्रेकडे लागून राहते.

बालाघाट जिल्ह्यातील राजेगावी हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवतो. बाघ नदीच्या अलीकडे मध्यप्रदेश आणि पलीकडे महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेरमांडणी झाली, तेव्हा शेजारचा भंडारा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट भोपाळच्या अमलाखाली आला. महसुलाची आणि दप्तरांची वाटणी झाली, परंतु मराठी, पोवारी, गोंडी आणि हिंदी यांनी एकमेकींच्या सहवासात येथे जे बोलणे घडविले होते, त्याची वाटणी कोणत्याही हुकूमनाम्याने करता आली नाही. अशा गावच्या मुलाने धानाच्या बांधावरची किंवा आजीच्या तोंडच्या पोवारी गाण्याची गोष्ट पडद्यावर आणावयाची म्हटली, तर भोपाळच्या कचेरीला त्याची भाषा लांबची वाटण्याचा आणि मुंबईच्या कचेरीला त्याचे गाव लांबचे वाटण्याचा संभव पुष्कळ. हातातल्या फोनवर चित्र घेता येते हे खरे. तथापि नीट आवाज टिपणारे यंत्र, संकलनापुरता संगणक, रोजी बुडवून सोबत आलेल्या चार माणसांची मजुरी, आणि सर्वांहून दुर्मिळ म्हणजे पहिला कच्चा तुकडा पाहून खरे बोलणारा रसिक, या गोष्टी फोनबरोबर मिळत नाहीत.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे त्रिविध वर्णन आहे. जे द्यावयाचे ते कर्तव्य म्हणून, ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशाला, योग्य स्थळी, योग्य वेळी आणि पात्र पाहून दिलेले असेल, तर ते सात्त्विक, असा त्याचा आशय. यातील पहिल्या अटी समजण्यास सोप्या आहेत. अडचण येते ती पात्रतेपाशी. परंपरेने पात्रता ओळखली ती विद्या, तप आणि शील यांवरून, म्हणजे जे घेणाऱ्याच्या ठायी आधीच सिद्ध झाले आहे त्यावरून. नवोदित कलावंताची पात्रता अशी आगाऊ दिसत नाही. ती साहाय्याच्या मागून प्रकट होते, आणि पुष्कळदा साहाय्यानेच घडते. तिचा पुरावा आधी मागणारा दाता त्या वचनाचे अक्षर पाळतो, पण ज्या काळी द्यावयास हवे तो काळ मात्र हुकवितो.

आपल्या देशातील चित्रपटाचा उगम पाहिला, तर हा गुंता फार स्पष्ट दिसतो. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके चाळिशीस पोहोचले, तेव्हा मुद्रणाच्या धंद्यातून बाहेर पडलेले, भांडवलहीन आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीने एका वेडाने झपाटलेले गृहस्थ होते. गिरगावात येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिल्यापासून रामकृष्णांची चरित्रे अशीच पडद्यावर आणण्याचा ध्यास त्यांनी घेतला होता. आयुष्याच्या विम्याची कागदपत्रे तारण ठेवून ते १९१२ च्या फेब्रुवारीत विलायतेस गेले, कॅमेरा आणि यंत्रसामग्री यांची तजवीज करून परत आले, आणि आता चित्रपटासाठी भांडवल कोण देणार या प्रश्नापाशी येऊन थांबले. त्या वेळी त्यांनी केलेली कृती मला फार अर्थपूर्ण वाटते. वाटाण्याचे दाणे पेरलेली एक कुंडी कॅमेऱ्यापुढे ठेवून, महिन्याहून अधिक काळ त्यांनी चित्रे घेतली, आणि कोंब फुटून वेल वर चढण्याची सारी क्रिया मिनिटभरात दाखविणारा ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला चित्रपट सिद्ध केला. आज ज्याला आपण लघुपट म्हणतो तोच हा. आणि तो निर्माण झाला तो कोणाच्या करमणुकीसाठी नव्हे, तर द्रव्य देऊ शकणाऱ्या मोजक्या माणसांची खात्री पटविण्यासाठी. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी तो पाहिला आणि कर्ज देऊ केले. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

ही कथा सांगताना आपण नाडकर्णी आणि देवहरे यांच्या गुणग्राहकतेची वाखाणणी करतो, आणि ते रास्तच आहे. परंतु त्या मिनिटभराच्या चित्रासाठी लागलेला महिना कोणाच्या खर्चाने गेला, याचा विचार सहसा होत नाही. घरात मिळकत नव्हती. तरीही फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी संसार चालविला, भांडवल अपुरे पडले तेव्हा आपले दागिने दिले, चित्रपटाचे काम सुरू झाल्यावर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला, आणि तेवढ्यावर न थांबता फिल्मच्या पट्टीस भोके पाडण्याचे व ती धुण्याचे कामही त्या शिकल्या. कर्ज देणाऱ्यांनी विश्वास ठेवला तो डोळ्यांनी पाहिलेल्या अंकुरावर. सरस्वतीबाईंनी ठेवला तो बी मातीत असताना. ज्या दात्याला आपण पहिला म्हणतो, तो कधीच पहिला नसतो. त्याच्या आधी त्या घरातील कोणीतरी, बहुधा कोणी स्त्री, त्याच्याहून अधिक देऊन बसलेली असते, आणि तिच्या देण्याचा कोठे दस्तऐवज होत नाही.

हे ध्यानी घेतले म्हणजे तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीतील अकराव्या अनुवाकाचा अर्थ मला नव्याने उलगडतो. विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्यांना आचार्य तेथे शेवटचा उपदेश करीत आहेत. दान कसे करावे हे सांगताना ते म्हणतात, की श्रद्धेने द्यावे, ऐपतीप्रमाणे द्यावे, लाजेने द्यावे, भीतीने द्यावे, जाणिवेने द्यावे. श्रद्धा आणि जाणीव यांचे प्रयोजन कोणालाही समजेल. पण देणाऱ्याने लाज आणि भय का बाळगावे? भाष्यकारांनी विनयाकडे आणि धर्मभयाकडे बोट दाखविले आहे. मला वाटते, या लाजेला एक अगदी ऐहिक, व्यावहारिक कारणही आहे: आपण उशिरा आलो, ही ती लाज. आणि भय आहे ते आपल्या देण्याने घेणाऱ्याची वाट वाकडी होईल याचे. त्याने आपल्याला रुचेल तेवढेच दाखवावे अशी नकळत सक्ती होईल याचे. ज्या समितीला, ज्या धनिकाला किंवा ज्या सरकारी खात्याला हे भय वाटत नाही, त्याच्या हातून मिळालेला पैसा कलावंताने घ्यावा, पण जपून घ्यावा.

त्याच अनुवाकात याहूनही धीट असे एक वाक्य आहे. आचार्य शिष्यांना सांगतात, की आमची जी चांगली आचरणे असतील तेवढीच तुम्ही अनुसरावीत, इतर नव्हेत. स्वतःच्या चरित्रातून निवड करण्याचा अधिकार गुरू येथे शिष्याच्या हाती देतो. मार्गदर्शनाची याहून उदात्त सनद मला अन्य कोठे आढळलेली नाही. गुरूच्या नावाने आपल्या परंपरेत जे जे चालले त्या सर्वांची मोजदाद या एका वाक्याने करता येते. द्रोणाचार्यांनी एकलव्यास शिकविण्याचे नाकारले, आणि न दिलेल्या विद्येची दक्षिणा म्हणून त्याचा अंगठा मागून घेतला, ही कथा आपण शिष्याच्या निष्ठेची म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, हा आपल्या विवेकाला लागलेला डाग आहे. ज्याने दिले नाही त्यानेही हक्क सांगावा आणि समाजाने त्याला मान तुकवावी, ही रीत महाभारताबरोबर संपली असे कोणी समजू नये.

फाळक्यांना लंडनमध्ये भेटलेली दोन माणसे या कसोटीस उतरतात. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाची पाटी पाहून ते आगंतुकपणे त्याच्या संपादकांकडे, केबर्न साहेबांकडे गेले. केबर्न यांनी प्रथम त्यांना या नादापासून परावृत्त करण्याचाच प्रयत्न केला. हिंदुस्थानच्या हवेत हे काम तडीस जाणार नाही अशी आपली शंका स्पष्ट बोलून दाखविली. आणि समोरचा माणूस मागे हटत नाही असे पाहून मग यंत्र निवडण्यास मदत केली व वॉल्टन येथील निर्माते सेसिल हेपवर्थ यांची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपल्या कलागृहाचे सर्व विभाग त्यांना उघडून दाखविले. राज्यकर्त्या जातीच्या या धंदेवाईकाला एका परक्या, अपरिचित माणसापुढे हे सारे उघड करण्याचे काहीच कारण नव्हते, आणि त्याबद्दल त्याने चित्रपटात वाटा मागितला नाही. उलट १९१८ साली धनिक भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली, तेव्हा द्रव्याची चणचण संपली खरी, परंतु त्या भागीदारांशी मतभेद विकोपास जाऊन फाळके सर्व सोडून काशीस निघून गेले. द्रव्य पुरेसे असणे आणि ते योग्य रीतीने दिलेले असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडे असे देण्याची रूढी नव्हती असे मात्र नाही. पेशवाईत श्रावणमासात पुण्याच्या रमण्यात विद्वानांना वाटली जाणारी दक्षिणा ही धार्मिक दानाचीच संस्था होती. इंग्रजी अमलात, १८४९ च्या सुमारास, लोकहितवादी आणि इतर सुधारक मंडळींनी त्या रकमेतून मराठी ग्रंथकारांना पारितोषिके द्यावीत अशी दरखास्त केली, तेव्हा धर्म बुडाला अशी हाकाटी झाली. वस्तुतः धर्म तेथे एका पायरीने वर चढला होता. पठण केलेल्या विद्येबरोबर, अजून लिहिला न गेलेला ग्रंथही दानास पात्र ठरला.

अलीकडच्या काळातील एक उदाहरण या संदर्भात मनात घर करून राहते. चैतन्य ताम्हाणे हा तरुण, एका लघुपटाखेरीज हाती फारसे काही नसताना, ‘कोर्ट’ या चित्रपटाची संहिता लिहू इच्छीत होता. विवेक गोंबर या नटाने त्याला केवळ लिहिता यावे म्हणून दरमहा १५,००० रुपये दिले, आणि पुढे त्या चित्रपटाचा निर्माता होऊन त्यात वकिलाची भूमिकाही केली. २०१४ साली व्हेनिस येथे त्या चित्रपटाचा सन्मान झाला. नंतर एका आंतरराष्ट्रीय योजनेतून मेक्सिकोचे दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन यांचे मार्गदर्शन ताम्हाणे यांना लाभले, ‘रोमा’ या चित्रपटाचे काम त्यांनी जवळून पाहिले, आणि मग स्वतः जो चित्रपट केला तो ‘द डिसायपल’: एका गायकशिष्याच्या श्रद्धेची, आणि त्या श्रद्धेखाली दबलेल्या संशयाची मराठी कथा. ज्या गुरूकडून शिकावे त्याच्या छायेतच गुरुपणाविषयी इतके निर्भय प्रश्न विचारता यावेत, यात क्वारोन यांचेही मोठेपण मला दिसते. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ अहमदनगरच्या महाविद्यालयात शिकत असताना झाला आणि राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेला. राजधानीपासून दूरच्या एखाद्या वर्गातही हे घडू शकते, एवढे त्यावरून निश्चित कळते.

खरी प्रतिभा असेल तर ती आपली वाट काढतेच, हालअपेष्टा हेच कलावंताचे तप, असे म्हणणारे सज्जन मला नेहमी भेटतात. तप हा शब्द मला पूज्य आहे, आणि म्हणूनच हा युक्तिवाद मी मान्य करू शकत नाही. तप स्वतःच्या देहाने करावयाचे असते. कलावंताच्या हालअपेष्टा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या देहावर पडतात. सरस्वतीबाईंनी चुलीपुढे काढलेल्या रात्री कोणाच्या तपात जमा धरावयाच्या? समाजाने चित्र पाहावे, त्याचा अभिमान मिरवावा, आणि त्याची किंमत एका घरातल्या बाईकडून वसूल होऊ द्यावी, याला मी अधर्मच म्हणेन.

बाघ नदीच्या काठच्या या आमच्या झाडीपट्टीला द्रव्य उभे करणे अवघड नाही. दिवाळीनंतर शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरले, की गावोगावची मंडळे नाटक कंपन्यांशी ठेका करतात, तिकिटे खपवितात आणि रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांचा खर्च लोकवर्गणीतून व विक्रीतून भागवितात. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. दंडार या येथील लोकनाट्यात थोरांनी धाकट्यांना फी न घेता शिकविण्याची चालही जुनी आहे. १९७६ मध्ये गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन ‘मंथन’ हा चित्रपट उभा केला, तो याच जातीच्या बुद्धीने. तेव्हा राजेगाव, किरणापूर आणि नदीपलीकडचे गोंदिया या टापूतल्या मंडळांनी आपल्या हंगामाच्या शिलकीतून एक लहान रक्कम बाजूला काढावी, आणि ज्याचा एकही लघुपट झालेला नाही अशालाच ती द्यावी. बोली कोणती आणि नदीचा कोणता काठ, हे विचारू नये. नाटकातील एखाद्या अनुभवी माणसाने कच्चे चित्रण पाहून बोलण्याचे पत्करावे, परंतु शेवटचा निर्णय करणाऱ्याकडेच राहावा, आणि पडद्यावर मंडळाचे नाव घालण्याची अट नसावी. रक्कम धान विकून झाल्यावर नव्हे, तर रोवणीच्या आधी, घरात पैसा नसतो तेव्हा हाती पडावी. आणि पहिला हप्ता देण्यापूर्वी मंडळाच्या दोन माणसांनी त्या मुलाच्या घरी जाऊन एवढी चौकशी करावी, की फोनसाठी किंवा शहरात जाण्यायेण्यासाठी त्याच्या आईने बचतगटातून काही उचल घेतली आहे काय. घेतली असल्यास तो हप्ता प्रथम तिकडे भरावा, आणि चित्रपटाचा खर्च दुसऱ्या हप्त्यापासून सुरू करावा.