आधी मीटर, मग अक्कल पाजळ

आधी ते मेमरी कार्ड खाली ठेव. तिसरं आहे ना हे? पहिल्या कार्डावर एरर आली म्हणून दुसरं आणलंस, दुसऱ्यावर आली म्हणून तिसरं. स्क्रीनवर काय लिहिलंय ते एकदा तरी धड वाचलंस का? निन्टेन्डो स्विचमध्ये साठवण दोन ठिकाणी असते, चिरंजीव. एक तू बाहेरून घालतोस ते मायक्रोएसडी कार्ड. दुसरी आतली ईएमएमसी, तुझ्या ओएलईडी मॉडेलमध्ये ६४ जीबीची. एरर आतल्या साठवणीची येतेय आणि तू दुकानातून कार्डं आणतोयस. दुखणं पोटाचं आणि चष्मा बदलून घ्यायचा, असला प्रकार.

आणि मला सांगतोस, ‘सर, सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असेल.’ कालपर्यंत यंत्र नीट चालत होतं. मधल्या वेळात सॉफ्टवेअरनं काही केलं नाही, तू केलंस. कव्हर उघडलंस, शील्ड काढलीस, मॉडचिप बसवलीस, केसाएवढ्या वायरी टाकल्यास, फ्लक्स ओतलास. दुरुस्तीच्या टेबलावर पहिला संशय शेवटच्या हातावर घ्यायचा असतो. इथे तो हात तुझा आहे. मग तपास तुझ्या टाक्यापासून सुरू होईल, फाइलींपासून नाही.

तुझा मोठा युक्तिवाद काय, तर चिप चालू झाली म्हणजे वायरिंग बरोबर. कुठे शिकलास हे? ही चिप काय करते ते आधी समजून घे. २०१८ साली टेग्रा एक्स१ प्रोसेसरच्या बूटरॉममधली चूक जाहीर झाली, तेव्हाच्या स्विचला सोल्डरिंगची गरजच नव्हती. पुढच्या यंत्रांत ती चूक बुजवली, म्हणून या चिपा आल्या. चालू होण्याच्या नेमक्या क्षणी प्रोसेसरचा व्होल्टेज खाली ओढायचा, सहीची तपासणी चुकवायची आणि आपला कोड पुढे सरकवायचा, हे तिचं काम. त्यासाठी तिला ईएमएमसीच्या ओळींवर नजर ठेवावी लागते: क्लॉक, कमांड आणि डेटा शून्य. डेटाच्या ओळी आठ आहेत, आणि चिपला त्यातली एकच पुरते. उरलेल्या सात धड आहेत की मेल्यात, हे चिपला ठाऊक नसतं आणि तिला त्याचं सोयरसुतकही नसतं. तेव्हा चिप पास झाली, यावरून साठवण ठीक आहे असं अजिबात सिद्ध होत नाही.

आता नीट ऐक, कारण तुझं सगळं उत्तर इथेच आहे. ईएमएमसी जागी होते तेव्हा क्लॉक फार तर ४०० किलोहर्ट्झ असतो आणि डेटा एकाच ओळीवरून जातो. ओळखपाळख झाली की प्रोसेसर आठही ओळी जोडतो आणि वेग चढवत नेतो. एचएस४०० मोडमध्ये क्लॉक २०० मेगाहर्ट्झ आणि त्याच्या दोन्ही कडांवर डेटा, म्हणजे एका बिटाच्या वाट्याला जेमतेम २.५ नॅनोसेकंद. एवढ्या अवधीत तुझी लोंबती वायर अँटेनासारखी वागते. सिग्नल तिच्या टोकापर्यंत जातो, आपटून परत येतो आणि खऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. चार सेंटिमीटरच्या वायरीत ही येरझार अर्ध्या नॅनोसेकंदाच्या जवळ जाते. प्रत्येक ओळीवरच्या डेटाला सीआरसी तपासणी असते. ती फसली की वाचन नाकारलं जातं आणि तुझ्या स्क्रीनवर एरर उमटते.

म्हणजे लक्षणंच सांगतात कुठे बघायचं. साठवण मुळीच ओळखली जात नसेल, तर कमांड, क्लॉक, पुरवठा किंवा डेटा शून्य बघ. ओळखली जाते पण वेग चढताच कोसळते, तर लांब वायर, ड्राय सोल्डर, नाहीतर बाकीच्या ओळींमधलं शॉर्टिंग. तुझं यंत्र दुसऱ्या जातीतलं आहे. चिप चालू होते पण पुढे एरर येते, हे तू स्वतःच आल्या आल्या सांगितलंस, फक्त आपण काय सांगतोय ते तुला कळलं नाही.

आणि ती डेटा शून्यची पट्टी! ईएमएमसीच्या खाली सरकवलीस ना, जोर लावून? त्या आयसीखाली सोल्डरचे १५३ गोळे आहेत, अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरानं. डेटा शून्यच्या शेजारी एका बाजूला डेटा एक आणि खाली डेटा चार. पट्टी जरा तिरकी गेली की दोन गोळे जोडले जातात. एका ओळीवर सगळं सुरळीत दिसतं आणि आठ ओळी लागल्या की बोंब. शिवाय पट्टी नुसती टेकलेली असेल, तर झाकण घट्ट केल्यावर बोर्ड किंचित वाकतो आणि संपर्क सुटतो. ‘उघडं असताना चालतं, बंद केलं की नाही’ ही तुझी तक्रार आता तरी कळली का? मला त्यात गूढ काही दिसत नाही.

ईएमएमसी ज्यावर आहे त्या मॉड्यूलचा कनेक्टरही बघ. काढून परत बसवलास, पण एका बाजूनं उचललेला दिसतोय. फ्लक्स तसाच चिकटलाय. आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली शेल्फवर शोभेला ठेवलेली नाही.

यापेक्षा मोठा गुन्हा वेगळाच आहे. एरर आल्यावर तू काय केलंस? ‘फॉरमॅट मारून बघितलं.’ वा! ओळ खराब असताना लिहायला लावलंस. चुकलेला ब्लॉक सीआरसी नाकारते हे खरं, पण मधेच तुटलेल्या लिखाणानं फाइलसिस्टिम अर्धवट राहते. वायरीचा दोष सुधारता आला असता, त्यावर हा दुसरा दोष तू स्वतः चढवलास. बॅकअप घेतला होतास का? नाही. त्या साठवणीतला डेटा त्याच यंत्राच्या चावीनं कुलूपबंद असतो, कॅलिब्रेशनची माहितीही त्या यंत्रापुरतीच. मित्राच्या स्विचमधली प्रत आणून इथे ओतता येत नाही. बॅकअप आणि त्या चाव्या हाताशी नसतील आणि ईएमएमसी गेली, तर ते यंत्र पेपरवेट म्हणून वापर.

कायद्याचंही सांगून टाकतो, मग माझ्याकडे तोंड वेंगाडून येऊ नकोस. चोरीचे गेम घालण्याच्या हेतूनं कुलूप चुकवणं हा आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. अशाच चिपा विकणाऱ्या टीम झेक्युटरच्या गॅरी बाउझरला अमेरिकेच्या न्यायालयानं २०२२ मध्ये ४० महिन्यांची शिक्षा दिली. स्वतःचं यंत्र उघडून शिकायचं असेल तर शीक, मी अडवत नाही. गिऱ्हाइकांचे कन्सोल घेऊन या वर्गात आलास, तर मात्र बाहेरचा रस्ता दाखवीन.

आता हॉट एअर बंद कर. गरम हवा मारली की काहीतरी होईल, ही तुमची सवय मी चांगली ओळखतो. जे होईल ते पॅड उखडण्याचं होईल. बॅटरीचा कनेक्टर काढ. मीटर बीपवर नको, डायोडवर लाव. लाल प्रोब ग्राउंडला, काळा एकेका ओळीला. आठही ओळींची रीडिंग एकमेकांच्या जवळपास हवीत. एखादी शून्याजवळ आली तर शॉर्ट, ओपन दाखवली तर तुटलेली, दोन शेजारच्या तंतोतंत एक आल्या तर संशय, मग त्या दोघींमध्येही माप. त्यानंतर चिपच्या तिन्ही वायरी मुळाशी सोडव, पट्टी काढ, जागा साफ कर आणि यंत्र मूळ स्थितीत चालू करून बघ. एरर गेली तर दोष तुझ्या वायरींचा. राहिली तर गोळ्यांचा, कनेक्टरचा किंवा तुझ्या त्या फॉरमॅटचा. या एका चाचणीनं शोध अर्ध्यावर येतो, आणि तीच सोडून तू तीन कार्डांचे पैसे घातलेस.

वहीत तक्ता आख. ओळीचं नाव, वायर असताना रीडिंग, वायर काढल्यावर रीडिंग. आकडे भरल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न तुझ्या हातात मिळणार नाही, आणि अंदाजानं भरलेस तर मी स्वतः शेजारी बसून पुन्हा मोजीन. जा, बस कामाला.