दोन मुलगे आणि आपले मत

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील फोपनारसारख्या गावी केळीच्या बागेत रोजाने राबणारा एखादा बंधू विचारील, "मजुरांचा कैवार घेणाऱ्या डाव्या पक्षाला मत द्यावेसे वाटते, पण त्याचे पुढारी देव मानीत नाहीत. मग ते पाप ठरेल काय?"

मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायातील दोन मुलगे आठवा. एकाने बापाला नकार दिला, पण मागाहून तो द्राक्षमळ्यात कामास गेला. दुसरा होकार देऊन गेलाच नाही. प्रभूने कृती पाहिली. आपणही कृतीच पाहावी.

पश्चिम बंगालात डाव्या आघाडीच्या सरकारने १९७८ पासून बटाईदारांच्या नोंदी केल्या. त्यांना जमिनीवरून हुसकावणे कठीण झाले. मात्र त्याच आघाडीच्या राज्यात १४ मार्च २००७ रोजी नंदीग्राम येथे पोलिसांच्या गोळीबारात १४ माणसे मेली. म्हणजे गरिबांचे नाव घेणाराही दुसरा मुलगा ठरू शकतो, आणि देवाचे नाव घेणाराही.

यास्तव केवळ पक्षाचे नाव पाहून मत देऊ नये, नाकारूही नये. उमेदवाराने मजुरासाठी काय केले ते विचारावे, प्रार्थना करावी आणि मत द्यावे. शेजाऱ्याने वेगळे मत दिले, तरी प्रभुभोजनाच्या मेजाजवळ त्याच्यासाठी जागा असू द्यावी.