पुढच्याचे पाऊल

सज्जनहो, पुढे चालणाऱ्याने पाऊल कोणाच्या मापाने टाकावे, हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही.

गढवालात तुंगनाथाचे देऊळ खूप उंचावर आहे. त्याच्या वर चंद्रशिला नावाचे लहानसे शिखर. चैत्र-वैशाखातही तिथे सावलीच्या अंगाला बर्फ राहून जाते. सकाळी ते दगडासारखे कठीण असते. मग पुढचा गडी बुटाच्या टोकाने ठोकून पावठ्या पाडतो, आणि मागचे त्यांत पाय ठेवून चढतात. आता पुढच्याने आपल्याच ढांगेने पावठ्या पाडल्या, तर तो वर पोहोचेल खरा. पण मागून येणाऱ्या म्हातारीचे काय? दोन पावठ्यांमधल्या बर्फावरच तिचा पाय घसरायचा. मग वाट झाली म्हणावी का?

कोणी म्हणेल, ज्याचे बळ त्याला, ज्याचे पुण्य त्याला. एकट्याच्या चढणीला हे ठीक. पण मागे माणसे आहेत हे ठाऊक असता लांब ढांग टाकणे, म्हणजे वाट दाखवून अडवणेच की! माउलींनी शके १२१२ त गीतार्थ मराठीत सांगितला. त्यांना संस्कृत का येत नव्हते? पावठ्या जवळजवळ पाडल्या, त्या आपल्यासाठी.

मागच्याकडेही एक काम उरतेच. ऊन चढले की सकाळची पक्की पावठी दुपारी खचते. म्हणून भार टाकण्याआधी पाय चाचपावा. मागोमाग जाणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. आणि आपण पुढे झालो, की ढांग आखडती घ्यावी. दिंडीची चाल तीच आहे.

रामकृष्णहरि.