गॅस संपत नाही

मे महिन्यातली दुपार. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याच्या सिग्नलला गाड्या खोळंबल्या आहेत आणि विजेवर चालणाऱ्या एका गाडीत एसीतून कोमट वारा येतो आहे. एसी बिघडला की पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: "गॅस संपलाय, भरून टाका." यातला ‘संपलाय’ हा एक शब्द नीट तपासला, तरी दुरुस्तीचं निम्मं शास्त्र हाती येतं.

पेट्रोल संपतं, कारण ते जळतं. स्वयंपाकाचा गॅस संपतो, कारण तोही जळतो. एसीतला गॅस मात्र जळत नाही की झिजत नाही. मग तो करतो तरी काय?

विहिरीवरचा रहाट आठवा. गाडगी रिकामी खाली जातात, भरून वर येतात, पाटात पाणी ओततात आणि पुन्हा खाली वळतात. मळ्यात जातं ते पाणी. गाडगी रहाटावरच राहतात. एसीत पाण्याच्या जागी उष्णता आहे आणि गाडग्यांच्या जागी गॅस. बऱ्याच गाड्यांच्या एसीतला ‘आर-१३४ए’ हा गॅस मोकळ्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याच्या द्रवाची वाफ होते आणि ती गाडीतली उष्णता उचलते. पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये त्या वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि उष्णता बाहेर पडते. हा फेरा फिरवणारा कॉम्प्रेसर म्हणजे रहाटाचा बैल. एसी थंडावा तयार करत नाही, तो उष्णता उपसतो.

पाटाला पाणी आलं नाही, तर ‘गाडगी संपली’ असं कुणी शेतकरी म्हणणार नाही. बैल चालतोय का, पाट तुंबलाय का, गाडगं फुटलंय का, हे तो पाहील. एसीलाही हेच तीन प्रश्न विचारायचे.

पाटापासून, म्हणजे उष्णता बाहेर सोडणाऱ्या कंडेन्सरपासून सुरुवात करू. पेट्रोलच्या गाडीत कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. सिग्नलला इंजिन मंदावलं की तोही मंदावतो. विजेच्या गाडीत त्याला स्वतःची मोटर असते. गाडी उभी असली तरी तो जोरात फिरू शकतो. म्हणून ‘सिग्नलला एसी कमी लागणारच’ ही सबब इथे चालत नाही. धावताना गार आणि थांबल्यावर कोमट, असं होत असेल, तर आधी कंडेन्सर आणि त्याचा पंखा पाहावा. धावत्या गाडीत वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीची सारी भिस्त पंख्यावर. त्यात रस्त्यावरची धूळ कंडेन्सरच्या पात्यांत भरली असेल, तर हलक्या धारेने धुण्यानेही फरक पडतो.

बैल उभाच असेल, तर तो का थांबला हे स्कॅनरवर वाचावं. दाब कमी झाला म्हणून यंत्रणेनेच त्याला थांबवलं असेल, किंवा बिघाड विजेचा असेल. कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या नारिंगी केबलमध्ये शेकडो व्होल्ट असतात. वीजपुरवठा तोडून, ठरलेला वेळ थांबून आणि मीटरने खात्री करून मगच प्रशिक्षित माणसाने तिथे हात घालावा.

उरलं गाडगं, म्हणजे गॅसची गळती. इथे दाब दाखवणारा गेज फसवतो. यंत्रणेत द्रव शिल्लक असेल, तर बंद गाडीत ३० अंशांना दाब सुमारे पावणेसात बार दिसतो, मग गॅस पुरेसा असो वा कमी. खरं उत्तर फक्त वजन देतं. मशीनने सगळा गॅस काढून घ्यायचा, तोलायचा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या ग्रॅमशी ताडायचा. वजन कमी भरलं, तर तो बहुधा गळालाच आहे. मग नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाच्या फेसाने, सांध्यांवरचे तेलकट डाग पाहून गळती शोधायची, बुजवायची, व्हॅक्यूम करून हवा आणि ओल काढायची, आणि शेवटी तोलूनच गॅस भरायचा.

गॅसबरोबरचं वंगण चुकलं तर विजेच्या गाडीत मोठीच किंमत मोजावी लागते. इथे कॉम्प्रेसरच्या मोटरची गुंडाळी गॅस आणि ऑइलमध्येच भिजलेली असते. म्हणून बहुतेक गाड्यांत वीज अडवणारं ‘पीओई’ ऑइल लागतं. पट्ट्यावरच्या कॉम्प्रेसरचं नेहमीचं ‘पीएजी’ ऑइल मिसळलं, अगदी मशीनच्या नळ्यांतून थोडंसं आलं, तरी विद्युतरोध घटू शकतो, आणि तो धोका ओळखून गाडी चालूच व्हायला नकार देऊ शकते.

शिवाय हा रहाट दोन मळे भिजवतो. नेक्सॉन ईव्ही ही विजेची गाडी जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली, ती द्रवाने गार राहणारी बॅटरी घेऊन. अशा अनेक गाड्यांत बॅटरीभोवतीचा द्रव एसीचाच गॅस गार करतो. एसी दुबळा झाला की उन्हाळ्यात फास्ट चार्जिंगही मंदावू शकतं. तेव्हा एसी ही नुसती चैनीची वस्तू उरत नाही.

आणि गळालेला गॅस जातो आकाशात. शंभर वर्षांच्या हिशेबाने आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता धरतो. एका गाडीतला अर्धा किलो गॅस सुटला, तर सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळल्याइतका भार हवेवर पडतो. असे गॅस कमी करायचा किगाली करार २०१६ मध्ये झाला, भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला. धूर नको म्हणून विजेची गाडी घेणाऱ्याने दरवर्षी ‘भरून टाका’ म्हणणं म्हणजे तो धूर मागच्या दाराने सोडणं.

म्हणून बिल देण्याआधी दोनच प्रश्न विचारावेत: किती ग्रॅम निघाला? कुठून गेला? ज्या कारागिराकडे या दोन्हींची उत्तरं असतील, त्याच्या हाती गाडी निश्चिंतपणे सोपवावी.