'तू कुठला?'

उरणच्या कंटेनर यार्डांत राबणाऱ्या बिहार-उत्तर प्रदेशच्या कुटुंबांतली मुलं आता १८ वर्षांची होताहेत. शाळा इथलीच, मराठीही आगरी वळणाची. पण नळाला पाणी नाही म्हणून तोंड उघडलं की विचारतात, 'तू कुठला?'

या प्रश्नामागची भीती खोटी नाही. नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरासाठी आमच्याकडच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यात गोळीबारात ५ जण हुतात्मा झाले. बाहेरच्यांनी ठरवायचं आणि आपण भोगायचं, हे उरणने पाहिलंय.

पण त्या लढ्याचं म्हणणं काय होतं? ज्याला भोगावं लागतं, त्याला आधी विचारा. मग भाड्याच्या खोलीतल्या पोरालाही विचारायला नको?

मी आयटीवाला, पुण्यात राहतो, गावी गणपतीला येतो. तरी गावात माझ्या शब्दाला वजन. बारमाही राहणाऱ्या त्या पोराच्या शब्दाला नाही. कायदा मात्र सातबारा मागत नाही. मतदार यादीला १८ वर्षं आणि तिथला नेहमीचा रहिवास लागतो, आणि त्या यादीतली माणसं म्हणजेच ग्रामसभा. माहिती अधिकाराला तर नागरिकत्व आणि १० रुपये पुरतात. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.

म्हणून या मुलांना अर्ज भरायला, सभेत उभं राहून बोलायला शिकवणं म्हणजे उपकार नव्हे. उद्या ती आपल्याविरुद्धही बोलतील. तेव्हा ऐकून घेतलं, तरच आपण त्यांना बोलायला शिकवलं म्हणायचं.